कॅल्क्युलसचे गुण कुठून येतात आणि कुठे जातात: बी.एस्सी. पहिल्या वर्षासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत गणित शिकवायला लागल्यापासून दर पावसाळ्यात स्टाफरूमच्या दारात मला तेच प्रश्न ऐकू येतात. "मॅडम, इंटर्नल कितीचं?" यापासून सुरुवात होते आणि ऑक्टोबरात "मॅडम, बघा ना दोन मार्कांचं" यावर गाडी येते. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं आहे. यातली गुणांची वाटणी आमच्या कॉलेजातल्या आमच्या वर्गापुरती आहे. शेजारच्या कॉलेजातल्या मित्राची वेगळी असेल, त्यावरून माझ्याशी भांडू नका.

पेपर शंभरचा की पन्नासचा?

शंभरचा. सेमिस्टरच्या शेवटी ६० गुणांची लेखी परीक्षा असते आणि ४० गुण अंतर्गत. या चाळिसांत प्रत्येकी १० गुणांच्या दोन चाचण्या येतात, १० गृहपाठाचे आणि १० प्रॅक्टिकल-जर्नलचे. आपलं कॉलेज स्वायत्त असल्यामुळे पेपर इथेच निघतो आणि इथेच तपासला जातो. पदवी मात्र शिवाजी विद्यापीठाचीच मिळते.

पास व्हायला किती लागतात?

लेखीत ६० पैकी २४ आणि अंतर्गतमध्ये ४० पैकी १६. दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं, आणि दरवर्षी पाच-सहा जण इथेच अडकतात. अंतर्गतला ३४ आणि लेखीत २१ मिळाले तर बेरीज ५५ होते, घरी सांगायला बरं वाटतं, पण निकालात नापास येतं. उलटंही घडतं. लेखीत ४१ काढणारा हुशार मुलगा गृहपाठ न दिल्यामुळे आणि जर्नल सही न केल्यामुळे अंतर्गतला १३ वर राहतो. त्याचं मला जास्त वाईट वाटतं, पण गुण वाढवून मिळत नाहीत.

चार क्रेडिट म्हणजे नक्की काय?

एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचं लेक्चर किंवा ३० तासांचं प्रॅक्टिकल. आपल्या विषयात तीन क्रेडिट लेक्चरची आणि एक प्रॅक्टिकलचं आहे, म्हणजे ४५ तास फळ्यासमोर आणि ३० तास बॅचमध्ये. पंधरा आठवड्यांत हे बसवायचं तर आठवड्याला तीन लेक्चर आणि दोन तासांचं एक प्रॅक्टिकल होतं. घरी बसून करायचा अभ्यास यात धरलेला नाही. तो किती हे विचाराल, तर एका लेक्चरला दीड तास धरा. जत, आटपाडीहून एसटीने येणाऱ्यांना हे ऐकून हसू येतं हे मला माहीत आहे, पण दीड तासच.

बारावीला गणितात ९० होते. इथे पहिल्या चाचणीत १० पैकी ३ कसे?

हा प्रश्न विचारताना बऱ्याच जणांचे डोळे भरलेले असतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बारावीला बोर्डाचा लेखी पेपर ८० गुणांचा आणि बाकीचे २० प्रॅक्टिकलचे. पेपरात येणाऱ्या गणितांचे प्रकार ठरलेले असतात, क्लासमध्ये ते शंभर वेळा घोटून घेतात. त्यातच सीईटीची तयारी. तिथे गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, चार पर्याय आणि चुकलं तरी गुण कापत नाहीत. अशा परीक्षेत उत्तर कसं काढलं याला कोणी विचारत नाही. चारही पर्याय घालून बघितले आणि एक जुळला, तरी दोन गुण खिशात. दोन वर्षं हेच केल्यावर हाताला वळण लागतं: मधल्या पायऱ्या मनात, कागदावर फक्त शेवटचा आकडा.

कॉलेजात या वळणाचा त्रास होतो, कारण इथे आकड्याला एक गुण असतो आणि बाकीचे वरच्या ओळींना. "उत्तर बरोबर आलंय की मॅडम" हे वाक्य मी वर्षाला किमान चाळीस वेळा ऐकते. उत्तर बरोबर असतं, मान्य. गुण पाचपैकी एक मिळतो, तोही त्या उत्तराचाच.

मी स्वतः पहिल्या सेमिस्टरला पन्नासपैकी १७ वर आपटले होते. तेव्हाच्या आमच्या सरांनी पेपर हातात देऊन फक्त एवढंच विचारलं, "हे तुला कसं कळलं?" मला सांगता आलं नाही.

पायरीला गुण म्हणजे नेमके कशाला? एक उदाहरण द्या.

मागच्या चाचणीतला पाच गुणांचा प्रश्न घेऊ. लाग्रांजचं मीन व्हॅल्यू थिअरम (दोन टोकांमधला सरासरी वेग मधे कुठेतरी प्रत्यक्ष वेग असतोच, असं सांगणारं) वापरून सिद्ध करायचं होतं की कोणत्याही ए आणि बी साठी साइन ए आणि साइन बी यांच्यातला फरक, चिन्ह सोडून, ए आणि बी यांच्यातल्या फरकापेक्षा मोठा नसतो.

पहिला गुण फंक्शन आणि इंटरव्हल निवडण्याला. फंक्शन साइन एक्स, आणि ए हा बी पेक्षा लहान मानला असं लिहायचं. दुसरा गुण थिअरमच्या अटी तपासल्याबद्दल: बंद इंटरव्हलवर फंक्शन सलग आहे, खुल्या इंटरव्हलवर डेरिव्हेटिव्ह (बदलाचा वेग) आहे, आणि ते का, हे अर्ध्या ओळीत. तिसरा गुण "म्हणून ए आणि बी यांच्या मधे असा एक सी आहे की" या वाक्याला आणि त्यानंतरच्या समीकरणाला. चौथा, कॉस सी ची किंमत चिन्ह सोडून १ पेक्षा जास्त होत नाही याला. पाचवा गुण शेवट नीट केल्याबद्दल, आणि त्यात ए आणि बी समान असतील तर काय, तेही आलं पाहिजे.

आता पेपरात काय सापडलं ते बघा. सत्तरपैकी जवळपास निम्म्या मुलांनी अटी तपासल्याच नव्हत्या. थिअरमचं नाव लिहिलं, समीकरण लिहिलं, खाली दोन रेघा मारून "हेन्स प्रूव्ह्ड". पाचवा गुण पूर्ण मिळालेले चारच जण, कारण ए आणि बी समान असण्याची शक्यता बाकी कोणाच्या डोक्यातच आली नाही. "मॅडम, ते तर उघडच आहे" असं एकीने म्हटलं. उघड आहे तर लिहायला एकच ओळ लागते.

नुसतं "थिअरमवरून सिद्ध होतं" असं लिहिणाऱ्याला मी पाचपैकी एक दिला. त्याला तो कमी वाटला. मला जास्तच वाटत होता.

चुकीच्या पायरीलाही थोडे गुण मिळतात का?

आकडेमोड चुकली तर मिळतात. ७ गुणिले ८ चे ५४ लिहिले तर त्या ओळीचा अर्धा गुण जाईल, आणि पुढचं त्या ५४ ला धरून बरोबर असेल तर पुढचे गुण पूर्ण देते.

नियमच चुकीच्या जागी लावला तर मिळत नाहीत. इथे नेहमीचा आरोपी म्हणजे लिमिट काढायचा 'एल हॉस्पिटल' नियम. (उच्चार लोपिताल, पण आपल्याकडे सिव्हिलला जाऊन आल्यासारखं सगळे हॉस्पिटलच म्हणतात. मीही म्हणते.) एक्स शून्याकडे जाताना एक्स अधिक १ भागिले एक्स अधिक २ याची लिमिट काढा असा प्रश्न होता. सरळ शून्य घातलं की १ भागिले २ मिळतं, काम संपलं. पण अनेकांनी वर-खाली डेरिव्हेटिव्ह घेतले आणि उत्तर १ काढलं. तो नियम शून्य भागिले शून्य किंवा इन्फिनिटी भागिले इन्फिनिटी असं रूप आल्यावरच लावायचा असतो. इथे तसं रूपच नाही. डेरिव्हेटिव्ह दोन्ही अगदी बरोबर काढले होते, तरी गुण शून्य.

गृहपाठ किती, केव्हा आणि कसा तपासता?

दर सोमवारी एक शीट, पुढच्या सोमवारी परत. सेमिस्टरला दहा शीट होतात, प्रत्येक १० गुणांची. त्यातल्या तुमच्या सर्वात चांगल्या आठ धरते आणि सरासरी काढते. म्हणजे दोन शीट बुडल्या तरी चालतं: ताप, घरातलं लग्न, गणपती, एसटीचा संप यासाठीच त्या दोन ठेवल्या आहेत. त्यामुळे पहिल्या दोन शीट आळसात घालवून तिसऱ्यांदा खरंच आजारी पडलात तर माझ्याकडे येऊ नका.

एका शीटवर पाच गणितं असतात. पाचही करायची, मी त्यातली दोनच नीट तपासते. कोणती दोन, ते आधी सांगत नाही.

शीटवरचे प्रश्न पेपरासारखे का नसतात?

मुद्दाम. तिसऱ्या शीटवरचा सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचा प्रश्न घ्या. त्यात गृहपाठासाठी मी आकडे दिले होते: सकाळी ६ वाजता पाणी ३८ फूट, ९ वाजता ३९.५, दुपारी १२ ला ४०.४ आणि ३ वाजता ४०.९. विचारलं होतं की पातळी कोणत्या वेगाने बदलते आहे, आणि त्या वेगाचं काय होतं आहे.

पहिल्या तीन तासांत दीड फूट, म्हणजे तासाला अर्धा फूट. पुढच्या तीन तासांत तासाला ०.३ फूट. त्यानंतर साधारण ०.१७. पाणी वाढतंच आहे, ४० फुटांची इशारा पातळी ओलांडून ४५ च्या धोका पातळीकडे चाललं आहे, फक्त वाढण्याचा वेग मंदावतो आहे. म्हणजे पहिला डेरिव्हेटिव्ह धन, दुसरा ऋण.

सोळा जणांनी लिहिलं, "पाणी उतरत आहे." दुसरा डेरिव्हेटिव्ह ऋण म्हणजे फंक्शन कमी होतं, असा त्यांचा समज. गंमत अशी की यातल्या कित्येकांनी २०१९ चा ऑगस्ट, म्हणजे महापूर, सांगलीत काढला आहे. त्या आठवड्यात घरातली आजीसुद्धा विचारत होती, "किती फुटावर आलं, आणि वाढ कमी झाली का?" आजीला हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे पक्कं ठाऊक होतं. वाढ कमी झाली म्हणून कोणी माळ्यावरचं सामान खाली उतरवलं नव्हतं. नातवाने मात्र कागदावर दोन्हींची गल्लत केली.

या प्रश्नात एकक न लिहिल्याबद्दलही अर्धा गुण गेला. नुसतं ०.५ नाही, "तासाला ०.५ फूट".

मित्राबरोबर बसून गृहपाठ केला तर चालतो का?

चालतो, मला आवडतो. लायब्ररीत बसा, कॅन्टीनमध्ये भडंग खात बसा, एकमेकांशी वाद घाला. दोन अटी आहेत. लिहिताना वह्या मिटलेल्या असाव्यात, आणि शीटच्या वर कोणाबरोबर केलं त्याचं नाव असावं. नाव लिहिल्यामुळे गुण कापले जात नाहीत.

कॉपी केलेलं कसं ओळखता?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा फार सोपं असतं. दोन वर्षांपूर्वी एका मुलाने चांगलं गणित सोडवलं होतं, त्यात व्हेरिएबल होतं इंग्रजी झेड. त्याचं अक्षर असं की झेड आणि २ सारखेच दिसतात. त्याच्या शीटवर झेड अधिक ३ होतं. इतर सात शीटवर त्या जागी स्वच्छ, सुबक अक्षरात "२ अधिक ३" लिहिलेलं होतं, पुढे २ चा डेरिव्हेटिव्ह १ काढला होता आणि उत्तर बरोबर आलं होतं. एकालाही शंका आली नाही की २ चा डेरिव्हेटिव्ह शून्य असतो.

त्या सातही जणांना त्या शीटचे शून्य मिळाले. मूळ मुलाला पूर्ण गुण आणि अक्षराबद्दल दोन शब्द.

दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवण्याची खोड जुनी आहे म्हणा. वरच्या नियमावर ज्याचं नाव आहे त्या फ्रेंच गणिती लोपितालनेच १६९४ मध्ये स्विस गणिती योहान बर्नुलीला वर्षाला ३०० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) देऊ केले होते, तुझे शोध मला कळव आणि दुसऱ्या कोणाला सांगू नकोस या बोलीवर. दोन वर्षांनी लोपितालचं पुस्तक आलं आणि बर्नुलीचा नियम त्याच्या नावाने रूढ झाला. पण लोपिताल निदान रोख मोजत होता आणि त्याला ते गणित समजतही होतं.

मोबाईलवरच्या एआयकडून सोडवून घेतलं तर?

शंका विचारायला वापरा, माझी हरकत नाही. उतरवून दिलंत तर मी दोन मिनिटांसाठी फळ्यापाशी बोलावते आणि तुमच्याच शीटवरची तिसरी ओळ कशी आली ते विचारते. सांगता आलं तर गुण तुमचे. आतापर्यंत बहुतेकांनी खडू हातात घेऊन माझ्याकडेच बघितलं आहे.

प्रॅक्टिकलला काय असतं? गणिताला प्रयोगशाळा कसली?

कॉम्प्युटर लॅब. जिओजेब्रा या सॉफ्टवेअरवर आलेख काढायचे, टॅन्जंट सरकवून बघायची, टेलरची सिरीज एकेक पद वाढवत मूळ वक्राला कशी चिकटत जाते ते बघायचं. जर्नलला ५ आणि शेवटी तोंडीला ५. जर्नल दर आठवड्याला सही करून घ्या. शेवटच्या दिवशी बारा प्रॅक्टिकलं एका रात्रीत लिहून आणलेलं जर्नल एकाच शाईचं असतं, मला कळतं.

चाचणीच्या दिवशी एसटी चुकली किंवा पूर आला तर?

पुराने कॉलेज बंद राहिलं तर चाचणी आपोआप पुढे जाते, नोटीस बोर्डावर लागते. एसटी बंद पडली, रस्ता पाण्याखाली गेला तर त्याच दिवशी वर्ग प्रतिनिधीमार्फत निरोप द्या, आठवड्यात फेरचाचणी घेते. दहा दिवसांनी आठवण आली तर नाही.

हजेरी?

७५ टक्के. एनएसएस, एनसीसी, क्रीडा स्पर्धांचं पत्र आणलं तर ते दिवस धरले जातात.

सगळ्या वर्गालाच कमी पडले तर गुण वाढवता का?

नाही. काही ठिकाणी वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ग्रेड देतात, आपल्याकडे थेट गुणांवर देतात. शेजारच्याला जास्त पडल्याने तुमचा ग्रेड खाली येत नाही, त्यामुळे नोट्स लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही. प्रश्नच चुकीचा छापला गेला असेल तर त्याचे गुण प्रयत्न केलेल्या सगळ्यांना देतो.

ग्रेड आणि एसजीपीए (सेमिस्टरच्या ग्रेड पॉइंटची सरासरी) कसा काढायचा?

आमच्याकडची पट्टी अशी: ९० आणि वर 'ओ' म्हणजे १० पॉइंट, ८० पासून 'ए प्लस' ९, ७० पासून 'ए' ८, ६० पासून 'बी प्लस' ७, ५० पासून 'बी' ६, ४५ पासून 'सी' ५, ४० पासून 'पी' ४. त्याखाली 'एफ', शून्य.

प्रत्येक विषयाचे पॉइंट गुणिले त्याची क्रेडिट, त्यांची बेरीज, आणि तिला एकूण क्रेडिटने भागायचं. समजण्यापुरते पाच विषय धरू. कॅल्क्युलस ४ क्रेडिट, ७ पॉइंट: २८. फिजिक्स ४ आणि ८: ३२. केमिस्ट्री ४ आणि ६: २४. इंग्रजी २ आणि ८: १६. ओपन इलेक्टिव्ह २ आणि ९: १८. बेरीज ११८, क्रेडिट १६, एसजीपीए ७.३८.

इथे एक व्यवहाराची गोष्ट दिसते. कॅल्क्युलसला ५९ ऐवजी ६० पडले तर पॉइंट ६ चा ७ होतो, आणि चार क्रेडिटमुळे बेरजेत चारने फरक पडतो. दोन क्रेडिटच्या विषयात तेवढ्यासाठी दोन पायऱ्या चढाव्या लागतात. तो एक गुण बहुतेकदा कुठल्या तरी न दिलेल्या शीटमध्ये गेलेला असतो.

क्रेडिट जमा कुठे होतात?

अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या सरकारी ऑनलाइन खात्यात, तुमच्या अपार आयडीवर (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक). आधारवरचं नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळतं का ते आत्ताच बघा. वडिलांच्या नावातल्या एका अक्षरासाठी मुलं जूनमध्ये खेटे घालत असतात.

एटीकेटी लागली, म्हणजे विषय मागे राहिला, तर पुन्हा गृहपाठ करायचा का?

लेखीत नापास आणि अंतर्गतमध्ये पास असाल तर अंतर्गतचे गुण तसेच राहतात, फक्त लेखी द्यायची. अंतर्गतमध्येच अडकलात तर पुढच्या बॅचबरोबर शीट द्याव्या लागतात.

रीचेकिंगला टाकू का?

आधी फोटोकॉपी मागवा. बेरीज चुकली असेल, एखादं पान तपासायचं राहिलं असेल तर नक्की टाका, अशा चुका आमच्याकडून होतात. पुरवणी उलटी शिवली गेल्यामुळे एका मुलीचे सात गुण राहिले होते, ते तिने शोधले आणि तिला मिळाले. पण "इथे दोन द्यायला हवे होते" एवढंच म्हणणं असेल तर आधी वर दिलेलं पाच गुणांचं उदाहरण वाचा, मग पैसे भरा.

पेपर मराठीत लिहिला तर चालेल का?

पेपर इंग्रजीत आहे, उत्तर इंग्रजीत लिहायचं. पण "लेट", "सिन्स", "देअरफोर", "फॉर एव्हरी", "देअर एक्झिस्ट्स" एवढे पाच-सात शब्द नीट वापरता आले की पहिल्या वर्षाचा पेपर निघतो. शंका मात्र मराठीतच विचारा. माझ्या अनुभवात "देअर एक्झिस्ट्स सी" असं पाठ म्हणणाऱ्याला "असा एक तरी सी सापडतोच" असं म्हणायला लावलं की चेहरा बदलतो.

पालकांना भेटायचं असेल तर?

या, पण मुलाला घेऊन या. गेल्या वर्षी तासगावहून एक काका द्राक्षाची पेटी घेऊन आले होते. "मॅडम, पोराचं जरा बघा." पेटी परत नेली त्यांनी, राग न धरता. मुलगा आता दुसऱ्या वर्षाला आहे, शीट वेळेवर देतो.

शंका विचारायला केव्हा येऊ?

मंगळवार आणि गुरुवारी साडेतीन ते साडेचार, स्टाफरूममध्ये. रिकाम्या हाताने येऊ नका. जिथवर जमलं तिथवर लिहिलेला कागद आणा, चुकलेला असला तरी आणा. चाचणीच्या आदल्या दिवशी दारात रांग लागते, बाकी दहा आठवडे मी एकटी बसून चहा पिते.

जर्नलला कव्हर कोणत्या रंगाचं?

कोणतंही. नाव आणि रोल नंबर बाहेरून दिसू दे.